ब्लू डॅन्यूब नाचायचं की ऐकायचं?

मंद्रसप्तक (धागाकर्ता):
व्हिएन्नाचा संगीतकार धाकटा योहान स्ट्राउस याच्या 'ब्लू डॅन्यूब' या वॉल्ट्झला (वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा जोडीनाच आणि त्याचं संगीत) आपल्याकडचे पाश्चात्त्य संगीताचे दर्दी 'हलकंफुलकं, नाचाचं' म्हणून मोडीत काढतात. मला हे साफ अमान्य. ही रचना बसून ऐकायची आहे. सुरुवातच बघा. व्हायोलिनची बारीक थरथर, खालून हॉर्न हे पितळी वाद्य ए मेजर या स्वरमेळाचे स्वर एकेक करत चढतं आणि वरून दोन-दोन हलके स्वर त्याला उत्तर देतात. ठेका सहा मात्रांचा (सहा-आठ), तीनचा नाही, म्हणजे वॉल्ट्झ अजून सुरूच नाही! धून अर्धी येते, थबकते. नाचवायचंच असतं तर एवढा वेळ कोण काढेल?

गिरकी:
असहमत. अशी प्रस्तावना संगीतकार वेबरच्या १८१९ च्या 'नृत्याचं निमंत्रण'मध्येही आहे, आणि तिथे ती नाचाचीच गोष्ट सांगते. पुढे पाच वॉल्ट्झ एकापाठोपाठ, प्रत्येकाचे दोन भाग, ही बांधणी नाचघरातलीच. आणि ठेक्याचं काय? कागदावर तीन सारख्या मात्रा. व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा जरा आधीच टाकतात. घड्याळ लावून वाजवलं की सगळा डौल गेला. ही लय पायांकडून आली आहे, खुर्चीकडून नाही.

मंद्रसप्तक:
ठेक्याचं मान्य. पण ब्राम्ससारख्या कडक, गंभीर संगीतकाराने एका पंख्यावर हीच धून लिहून खाली 'दुर्दैवाने योहान्नेस ब्राम्सची नाही' अशी सही केली. तो काय नाचायला गेला होता?

गिरकी:
अहो, ब्राम्सने स्वतः वॉल्ट्झ लिहिलेत. हेवा वाटला तो धुनेचा. गांभीर्य तुम्ही चिकटवताय.

सूरपेटी:
दोघेही एक विसरताय, हे मुळात गाणं आहे! १५ फेब्रुवारी १८६७ ला व्हिएन्नाच्या दियानाबादमध्ये पुरुषांच्या गायकमंडळाने ते पहिल्यांदा गायलं. दियानाबाद म्हणजे स्नानगृह. हिवाळ्यात तलावावर फळ्या टाकून तिथे समारंभ व्हायचे. आदल्या उन्हाळ्यात प्रशियाने ऑस्ट्रियाला धूळ चारलेली, आणि गाण्याचे शब्द म्हणतात 'व्हिएन्नाकरांनो, खुश राहा'! शब्द टुकारच होते. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात नुसत्या वाद्यवृंदावर वाजलं आणि जगभर गेलं. शब्द गळले, हे बरंच झालं.

गिरकी:
म्हणजे मैफलीचा मान नंतरचा. आणि मंद्रसप्तक, व्हिएन्नाच्या नववर्ष मैफलीत तुमची लाडकी प्रस्तावना दरवर्षी मध्येच तोडतात. थरथर सुरू झाली की टाळ्या, मग शुभेच्छा, मग पुन्हा पहिल्यापासून. कोण ऐकतंय?

मंद्रसप्तक:
सगळे ऐकतात, म्हणून तर टाळ्या पडतात! तेव्हा तुमचा तीन मात्रांचा ठेका आलेलासुद्धा नसतो.