मदत हवी आहे : वाळलेलं गवत आणि उघडा मुरूम उपग्रहचित्रात वेगळे कसे काढायचे?

सोलापूरकडच्या माळरानावर जाळरेषा (आग पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळे ठेवलेले पट्टे) कधी घ्यायच्या हे ठरवायला सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं वापरतोय. गूगलच्या अर्थ इंजिनवर लेव्हल-२ए चा (वातावरणाचा परिणाम काढून टाकलेला) हार्मनाइज्ड, म्हणजे जुने-नवे आकडे एका मापात आणलेला, संच घेतलाय (साध्या संचात जानेवारी २०२२ नंतरच्या आकड्यांत १००० ची भर राहते आणि जुन्या वर्षांशी तुलना फसते). ढग एससीएल थराने (प्रत्येक पिक्सेल ढग, पाणी, झाडोरा की माती हे सांगणारा थर) गाळलेत, दर १० दिवसांचा मध्यक काढलाय.

कुसळी गवत हिरवं असेपर्यंत एनडीव्हीआय (हिरवेपणा मोजणारा निर्देशांक) छान उतरत जातो. ते पिवळं पडलं की तो तळाला टेकतो, आणि मग गुडघाभर उभं गवत नि मेंढरांनी खरवडलेला मुरूम सारखेच दिसतात. एकात आग धावेल, दुसऱ्यात जळायला काहीच नाही!

बँड ११ आणि १२ (लघुतरंग अवरक्त प्रकाशाचे पट्टे) चं गुणोत्तर लावलं. सुक्या काडीतलं सेल्युलोज २.१ मायक्रॉनजवळ प्रकाश शोषतं, म्हणून १२ खाली येतो. पण काळ्या मातीतली चिकणखनिजंही २.२ जवळ तेच करतात, त्यामुळे विरळ गवतात मातीच भारी पडते.

पावसाळ्यातला कमाल एनडीव्हीआय गवताच्या भराचं माप धरला तर चालेल का? नंतरची चराई त्यात कशी धरायची? आणि पडताळणीला २० मीटरच्या एका पिक्सेलमध्ये १ चौरस मीटरचे किती तुकडे कापून, वाळवून तोलावेत? पाच पुरतील?