पोट निवणे : ‘कम्फर्ट फूड’साठी मराठी शब्द शोधताना

माझी भाची अनुवादाची कामे करते. गेल्या आठवड्यात तिने फोन करून विचारले, “मावशी, ‘कम्फर्ट फूड’ला मराठीत काय लिहू? मी ‘आरामदायी अन्न’ लिहिलं आहे, पण वाचताना खुर्चीबद्दल लिहिल्यासारखं वाटतं.” तिचा कान बरोबर होता. आरामदायी असते ती खुर्ची, गादी किंवा रेल्वेचा डबा. वरण-भात आरामदायी आहे असे मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. तिच्या प्रश्नाने मी आठ दिवस घरातले, माहेरचे आणि सासरचे शब्द आठवत राहिले, आणि जे हाती लागले ते येथे चर्चेसाठी मांडत आहे.

इंग्रजीतला हा शब्दप्रयोगही फार जुना नाही. तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. मराठीत त्याच्यासाठी सुचवले जाणारे शब्द आधी पाहू. ‘सुखान्न’ हा शब्द व्याकरणाने निर्दोष आहे, परंतु तो उच्चारल्यावर डोळ्यांपुढे ताट येत नाही. ‘सात्त्विक आहार’ हा शब्द अन्नाचा गुण सांगतो, खाणाऱ्याच्या मनाचे काहीच सांगत नाही; शिवाय दिवसभर शेतात राबून आलेला माणूस ज्या चून-भाकरीने (चून म्हणजे पिठले) सुखावतो, तिच्यासोबत बुक्कीने फोडलेला कांदा असतोच, आणि कांदा सात्त्विकाच्या व्याख्येत बसत नाही. ‘पथ्याचे जेवण’ हा शब्द जवळ येतो, पण पथ्य दुसऱ्याने सांगितलेले असते. मऊ भात आजाऱ्याला दिला की तो पथ्याचा होतो. तोच भात धडधाकट माणूस पावसाच्या संध्याकाळी आपण होऊन मागतो, तेव्हा त्याला पथ्य म्हणता येत नाही. ‘आवडीचा पदार्थ’ म्हणावे तर पुरणपोळी पुष्कळांना आवडते, परंतु प्रवासाहून रात्री उशिरा घरी आलेला माणूस पुरणपोळी मागत नाही. आणि ‘जिभेचे चोचले’ तर थेट उलट दिशेला जातात, कारण येथे जिभेपेक्षा पोटाचा आणि जिवाचा प्रश्न अधिक आहे.

या सगळ्या शब्दांत मला एकच अडचण दिसते : ती नामे आहेत. मराठी माणूस ही गोष्ट क्रियापदाने सांगतो, आणि माझ्या मते ते क्रियापद ‘निवणे’ हे आहे. चहा निवतो, विस्तव निवतो, राग निवतो. परगावी शिकणारे मूल घरी आले की आईचे डोळे निवतात, आणि भुकेल्या माणसाला त्याच्या ओळखीचा घास मिळाला की पोट निवते, जीव निवतो. याची व्युत्पत्ती संस्कृत ‘निर्वा’ या धातूकडे जाते, ज्याचा अर्थ विझणे, शांत होणे असा आहे, आणि ‘निर्वाण’ हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. एवढा मोठा शब्द आणि वरण-भाताच्या वाटीसाठी वापरला जाणारा शब्द एकाच मुळाचे असावेत, याचे मला फार अप्रूप वाटते. ‘निवला’ आणि ‘निवाला’ अशी दोन्ही रूपे कानावर येतात. मात्र ‘निवळणे’ वेगळे; गाळ खाली बसून पाणी स्वच्छ होते ते निवळणे, आणि आतली धग उतरते ते निवणे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. आपण ज्या अन्नाने पोट निवले म्हणतो, ते अन्न बहुतेक वेळा ऊन असते. ऊन ऊन भात, त्यावर ऊन वरण आणि पातळ झालेले तूप असे वाफाळते ताट संपवून माणूस म्हणतो, “आत्मा थंड झाला.” नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या दिवसांतही हेच वाक्य ऐकू येते. म्हणजे हा गारवा अन्नाच्या तापमानाचा नाही. भूक हीच आग आहे, पोटात ‘कावळे कोकलतात’ तसाच ‘आगडोंब उसळतो’, आणि ती आग विझते ती ऊन भातानेच, हे या वाक्प्रयोगांनी गृहीत धरलेले आहे. नागपुरी बोलण्यात हेच “पोटात थंडं वाटून राहिलं” असे येते, आणि त्या ‘राहिलं’मध्ये क्रिया संपलेली नसून अजून चालू आहे, हे सुख अजून उतरत आहे, असा जो अर्थ येतो, तो प्रमाण मराठीतल्या ‘वाटत आहे’मध्ये मला तितका जाणवत नाही.

या शब्दाचा अर्थ मला स्वतःला नीट कळला तो दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. मला डेंगी झाला होता आणि आठवडाभर रुग्णालयात काढून मी घरी आले होते. माझी आई अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडची आणि सासूबाई भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडच्या. दोघीही त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात होत्या आणि मी दाराशी खुर्चीत बसले होते. सासूबाई म्हणाल्या, “विहीणबाई, कणी टाकतो, कणीचा भात लवकर मऊ होते.” आई म्हणाली, “ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या असत्या, तर तिच्या तोंडाले चव आली असती.” (आमच्याकडे विदर्भात बायकाही ‘टाकतो’, ‘करतो’ असेच बोलतात, तो पुरुषी प्रयोग नव्हे, बोलीचा नियम आहे.) शेवटी तांदळाची कणी शिजली. पातेल्यातले पाणी आधी पांढरे झाले, मग त्यावर बुडबुडे मंद फुटू लागले आणि भात गुरगुरू लागला. वाटीत घातल्यावर सासूबाईंनी मध्ये बोटाने खळगा केला, त्यात तूप सोडले आणि कडेला चिमूटभर मीठ ठेवले. पहिल्या घासाला मला चव कळली नाही, दुसऱ्या घासाला मिठाची कळली, आणि अर्धी वाटी झाल्यावर मी म्हणाले, “आता पोट निवलं.” आईने सवयीने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, “अंगही निवलं हो.” पोटासाठी आणि तापासाठी एकच क्रियापद आम्ही दोघींनी एका श्वासात वापरले होते.

‘कणी’ आणि ‘कण्या’ हे दोन शब्द त्या दिवसापासून माझ्या मनात शेजारी शेजारी बसले आहेत. दोन्ही ‘कण’ या शब्दातून आलेले. एक तांदूळ सडताना तुटलेला दाणा, दुसरा ज्वारी भरडून केलेला. यांच्यामध्ये विदर्भाचा नकाशाच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात ‘पटेल-३’ या वाणातून वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून जो तांदूळ वाढवला, तो ‘एचएमटी’ या त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावाने आज घरोघरी ओळखला जातो, तो याच मुलखातला. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हा कापसाचा आणि ज्वारीचा पट्टा. नागपूर या दोहोंच्या सांध्यावर आहे, म्हणून येथील एकाच घरात एका बाईचे पोट भाताने निवते आणि दुसरीचे भाकरीने. दोन्हीकडे तुटलेला, बाजारात कमी मोलाचा दाणाच आजाऱ्याच्या आणि थकलेल्याच्या वाट्याला प्रेमाने दिला जातो, ही मला या सगळ्या चर्चेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मऊपणासाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांच्याकडे अनुवादकांचे दुर्लक्ष होते. ‘गुरगुट्या भात’ हा शब्द शिजण्याच्या आवाजावरून आलेला दिसतो, आणि मी त्या संध्याकाळी तो आवाज अक्षरशः ऐकला होता. ‘आसट’ म्हणजे घट्टही नाही आणि पातळही नाही अशी खिचडी किंवा भात, जो ताटात हळूच पसरतो. पिठले ‘सरसरीत’ असते, आमटी ‘पळीवाढी’ असते, भात ‘मोकळा’ असतो, आणि फसला तर ‘गिच्च’ होतो. ‘सॉफ्ट’ या एका इंग्रजी शब्दासमोर सरसकट ‘मऊ’ लिहिले की ही सगळी श्रीमंती वाया जाते. सांत्वन करणारे बहुतेक पदार्थ चावण्याचे श्रम पडत नाहीत, म्हणून या विषयावर लिहिताना नेमका कसा मऊ, हे सांगणे अगत्याचे आहे.

‘गोडे वरण’ या शब्दाबद्दलही नव्या वाचकांचा गोंधळ होतो. ते साखरेचे किंवा गुळाचे असेलच असे नाही. येथे ‘गोडे’ म्हणजे ज्यात तिखट आणि फोडणी नाही असे. गोडे पाणी म्हणजे खारे नसलेले पाणी, गोडे तेल म्हणजे खाण्याचे तेल, त्याच ओळीत हे वरण बसते. आमच्या शेजारी त्यालाच ‘फिकं वरण’ म्हणतात. एकाच वाटीला एक घर गोड म्हणते आणि दुसरे फिके म्हणते, पण दोन्ही घरांत तुरीची डाळ, हळद, हिंग, मीठ आणि वरून तूप-लिंबू एवढाच ऐवज असतो.

आणखी एक निरीक्षण या पदार्थांच्या नावांचे. पोट निववणाऱ्या पदार्थांना मराठीने नटवी नावे दिलेली नाहीत. ती बहुधा जोडीने येतात : वरण-भात, चून-भाकर, कढी-खिचडी, पिठलं-भात. त्यांतही ‘पिठले’ हा शब्द पिठापासून आणि वऱ्हाडातला ‘चून’ हा शब्द संस्कृत ‘चूर्ण’पासून आलेला, म्हणजे दोन्ही प्रांतांनी त्या पदार्थाला केवळ त्याच्या पिठाचे नाव दिले आणि त्यावर समाधान मानले. (विदर्भात ‘भाकरी’ऐवजी ‘भाकर’ म्हणतात, हे अनुवादकाने पात्राच्या तोंडी संवाद घालताना विसरू नये.) ‘खिचडी’बाबत मात्र नागपूरकरांना बाहेर गेल्यावर अडचण येते. आमच्याकडे साबुदाण्याची ‘उसळ’ असते, खिचडी नव्हे. त्यामुळे नागपुरात “खिचडी टाकली आहे” म्हटले की डाळ-तांदळाशिवाय दुसरा अर्थच संभवत नाही. हा पदार्थ या अर्थाने फार जुना आहे. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूताने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या ‘किशरी’ची नोंद केली आहे आणि लोक रोज सकाळी ती खातात असे म्हटले आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की निवणे म्हणजे सौम्य, बिनतिखट खाणे. तसे मी मानत नाही. हलबा कोष्टी या विणकर समाजातून आलेली सावजी भाजी ज्यांच्या घरात लहानपणापासून शिजत आली, त्यांचा जीव तिच्या झणझणीत रश्श्यानेच निवतो, आणि परगावी नोकरीला गेलेली कितीतरी नागपुरी मुले सुटीत स्टेशनवर उतरल्याबरोबर तर्री पोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) शोधतात. कपाळावर घाम येतो, डोळ्यांत पाणी येते, आणि तरीही शेवटी वाक्य तेच येते. म्हणून ‘सौम्य आहार’ हा प्रतिशब्दही मला चुकीचा वाटतो. ओळखीची चव ही अट आहे. फिकेपणा ही अट नाही.

भाचीला मी शेवटी असे सुचवले की शीर्षकात नाम हवेच असेल तर ‘जीव निववणारे जेवण’ असे लिहावे, आणि मजकुरात शक्य तेथे वाक्यच फिरवावे : ‘हे माझे कम्फर्ट फूड आहे’ याऐवजी ‘हे खाल्ले की माझे पोट निवते’. येथे ‘निवणे’ आणि ‘निववणे’ यांचा फरक सांभाळावा लागतो. पोट निवते आणि जेवण पोटाला निववते. ‘निववणारे’ हा शब्द जिभेला जरा जड जातो हे मला मान्य आहे, परंतु ‘निवणारे जेवण’ असे लिहिले तर ताटातले जेवण गार होत चालल्याचा अर्थ निघतो. हाच प्रश्न मी सासूबाईंनाही विचारला होता. त्यांनी थोडा वेळ विचार करून सांगितले, “त्याले आमी जेवणच म्हणतो.” त्यांच्या उत्तरात बाकीचे खाणे वेगळे काढलेले आहे, असे मला वाटते.

एक शब्द अजून माझ्यापाशी अनुत्तरित आहे. रात्रीच्या उरलेल्या पोळीचे तुकडे करून, कांदा आणि सांबार (म्हणजे अर्थात कोथिंबीर) घालून जी फोडणी दिली जाते, तिला आम्ही ‘कुसकरा’ म्हणतो, पुण्याकडे ‘फोडणीची पोळी’ म्हणतात आणि काही घरांत ‘माणिकपैंजण’ असे गोड नाव आहे. शिळ्या भाकरीच्या अशाच पदार्थाला गोंदियाकडे आणि वाशीमकडे काय म्हणतात, हे तेथील वाचकांनी आपल्या घरच्या उच्चारासह कळवावे. तो शब्द मला भाचीच्या यादीत घालायचा आहे.