खासगी अंतराळप्रवासाचा धंदा : फेऱ्या किती आणि गिऱ्हाईक कोण?

मालवण (धागाकर्ता) : जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला ॲक्सिऑम कंपनीच्या मोहिमेतून अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हापासून इकडे ‘आता सामान्य माणसालाही जाता येईल’ असे बोलले जाते. मला ते पटत नाही. मी पर्यटकांच्या बोटी चालवतो. पावसाळ्यात बोट शाकारून ठेवली तरी खलाशांचे पगार, कर्जाचे हप्ते आणि डागडुजी थांबत नाही. पर्यटकांना अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन आणणाऱ्या व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचे तिकीट 2 लाख डॉलरवरून 4.5 लाखांवर गेले, तरीही जून 2023 ते जून 2024 या काळात 7 व्यावसायिक फेऱ्या करून तिचे ‘युनिटी’ यान निवृत्त झाले. इतक्या थोड्या फेऱ्यांवर कारखाना आणि माणसे कशी पोसायची?

रत्नागिरी (भौतिकशास्त्राचा शिक्षक) : आपण दोन वेगळे प्रवास एकाच मापाने मोजत आहात. ‘युनिटी’ पृथ्वीभोवतीच्या कक्षेत न शिरता काही मिनिटांत वर जाऊन खाली येत असे. कक्षेत राहण्यासाठी ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेग लागतो आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तो खर्चच निराळा. तिथले गिऱ्हाईकही निराळे आहे. 2001 मध्ये अमेरिकन उद्योजक डेनिस टिटो स्वतःच्या पैशाने गेले होते, पण शुक्लांबरोबर पोलंड आणि हंगेरीचे अंतराळवीर होते, आणि या तिघांना पाठवणारी त्यांची सरकारे होती. गगनयानाच्या, म्हणजे भारताच्या स्वतःच्या मानवी मोहिमेच्या, आधी आपल्या माणसाला प्रत्यक्ष अनुभव मिळाला, हे मला मोलाचे वाटते.

मालवण : सर, अनुभवाचे मोल मलाही मान्य आहे. पण गिऱ्हाईक सरकारच असेल तर ते कंत्राट झाले, बाजार नव्हे. शिवाय हे स्थानक 2030 नंतर खाली उतरवण्याचे नियोजन आहे. बंदरच उरले नाही, तर बोट लावायची कुठे?

गुहागर (विमा सल्लागार) : तुम्हा दोघांकडूनही जोखमीचा मुद्दा सुटला आहे. 31 ऑक्टोबर 2014 रोजी ‘युनिटी’च्याच प्रकारचे ‘स्पेसशिपटू’ यान चाचणीत हवेत फुटले आणि सहवैमानिक दगावला. त्याने, उतरताना वेग कमी करण्यासाठी वर वळणाऱ्या शेपटीचे कुलूप वेळेआधी उघडले होते, पण एका माणसाची चूक सावरण्याची सोय रचनेतच नव्हती. अमेरिकेने 2004 मध्ये कायदा करून प्रवाशांच्या सुरक्षिततेचे नियम लांबणीवर टाकले आणि त्यांची लेखी संमती पुरेशी मानली. विम्याचा हप्ता अनुभवावरून ठरतो, आणि इतक्या कमी उड्डाणांवरून तो कोणी नीट ठरवू शकत नाही.

रत्नागिरी : तरीही आरंभीच कडक नियम लादले असते, तर तो अनुभव साठलाच नसता. संमती घ्यावी, मात्र आधीचे सर्व अपघात प्रवाशाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे कंपनीवर बंधनकारक असावे.