मदत हवी आहे: सोलापूरच्या पूर्व भागात गल्लीजवळ बाग करायची आहे

नमस्कार मंडळी. हुतात्मा बागेत संध्याकाळी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषा शेजारशेजारच्या बाकांवर ऐकू येतात. आमच्या गल्लीत मात्र यंत्रमागांचा खडखडाट. बायका उंबऱ्यावर विड्या वळताना बोलतात तेवढंच, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की तेही बंद. घरापासून ३०० मीटरच्या आत हिरवी जागा असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं युरोप कार्यालय सुचवतं. जवळच एक मोकळा भूखंड आहे, सध्या तिथे कचरा साचतो. बतुकम्माचा, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाचा, फेर धरता येईल, म्हाताऱ्यांना टेकता येईल एवढी सावली हवी. शहराच्या विकास आराखड्यात त्या भूखंडाचं आरक्षण, म्हणजे तो कशासाठी राखीव आहे, हे कसं तपासायचं? अर्जाचा नमुना कुणाकडे आहे का? कडुनिंब, करंज सोडून कमी पाण्यावर तगणारी झाडं कुठली?