तळमजल्याचा गाळा

ए-७०२: सेक्रेटरी साहेब, तळमजल्याचा गाळा कॉफी शॉपला दिला म्हणे?

सेक्रेटरी: अजून नाही. दोन अर्ज आलेत. एक कॉफी शॉपचा, दुसरा मागच्या चाळीतल्या बायकांच्या पोळीभाजी केंद्राचा. कॉफीवाले भाडं जास्त देतायत. रविवारी मीटिंगमध्ये ठरवू.

बी-१२०३: कॉफी शॉप येऊ दे. वस्ती बदलली, तशी दुकानं बदलणारच.

ए-४०१: मेसेज मोठा आहे, पण वाचा. हा टॉवर ज्या चाळीच्या जागेवर उभा आहे, तिथला माझा जन्म. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून गडी यायचे ते एकटेच. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीप्रमाणे झोपायचे. चूल कोण पेटवणार? म्हणून घरोघरी खाणावळी. माझी आई आठ जणांना जेवू घालायची. हिशोब पगाराला, गावी गेला तर खाडा. १९७५ला प्रेमाताई पुरव यांनी अशाच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९८२च्या संपात पगार बंद झाले, तरी आईने एकाचंही ताट बंद केलं नाही. तिची पाटली गेली त्यात.

सी-९०५: काका, वाचून गलबलून आलं. माझं माहेर माटुंग्याचं. १८९६च्या प्लेगनंतर शहर उत्तरेकडे वाढवलं, तेव्हा दादर-माटुंगा आखलं गेलं. दक्षिण भारतातली कारकून मंडळी तिथे राहायला आली. स्टेशनजवळचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. नावातच बोर्डिंग, म्हणजे खाणावळ, आहे बघा. केळीच्या पानावर अजून वाढतात.

बी-१२०३: हे खरंच माहीत नव्हतं. पण काका, आता इथे एकटे गडी कुठे राहिलेत?

ए-४०१: तुमच्याच विंगमध्ये भाड्याने राहणारी मुलं-मुली आहेत. आपले वॉचमन आहेत. रात्री काय जेवतात, विचारा एकदा.

बी-७०४: मी त्यातलीच, नागपूरची. रोज ॲपवरून मागवणं परवडत नाही आणि पोटालाही सोसत नाही. गरम पोळी मिळणार असेल तर महिन्याचे पैसे आगाऊ देईन. काका, खाडा म्हणजे काय?

ए-४०१: बाळा, ज्या दिवशी जेवली नाहीस त्या दिवसाचे पैसे वळते करायचे, तो खाडा.

बी-१२०३: भाड्यात फरक किती आहे?

सेक्रेटरी: फ्लॅटमागे किती पडेल तो आकडा काढून रविवारी मांडतो. त्या बायकांनाही मीटिंगला बोलावतो.