फोटोवरून बेडसाठी चित्राची गोधडी करायचीये, सुरुवात कुठून करू?

निळीसुई

नमस्कार मंडळी, बहीण नव्या घरात राहायला जातेय आणि तिला मला माझ्या हातची गोधडी द्यायचीये, चौकोनांची नाही तर चित्राची. आम्ही ज्या घरात वाढलो ते आता राहिलं नाही पण त्याचा एक फोटो आहे, दारात मोठं झाड, झाडाला झोका, झोक्यावर ती आणि मागून झोका देणारी मी. तेच चित्र तिच्या बेडवर यावं असं फार मनात आहे. गादी 60 बाय 75 इंच आहे. शिवणकाम बऱ्यापैकी येतं, साध्या दोन गोधड्या केल्यात, पण चित्राला कधी हात लावला नाही. फोटो एवढा मोठा कसा करतात, तुकडे कसे बसवतात, चेहरे कसे काढायचे काहीच कळत नाहीये. ती रोज वापरणार, धुणार, कपाटात ठेवून द्यायला नकोय. सहा महिने हातात आहेत.

धावदोरा

छान कल्पना आहे, नक्की करा, सहा महिन्यांत होते. फक्त कापडाला कात्री लावायच्या आधी बेडजवळ जाऊन पायथ्याशी उभ्या राहा. भिंतीवरचं चित्र अख्खं दिसतं, बेडवरचं तसं दिसत नाही. उशांखाली वरचे साधारण 20 इंच जातात, आणि बाजूंना जे खाली लटकतं तेही चित्र म्हणून कुणी बघत नाही. म्हणजे तुमच्या 60 बाय 75 मधली खरी जागा 60 बाय 55, जवळजवळ चौकोनच. फोटो उभा असेल तर झाडाचा शेंडा आणि आकाश उशांकडे जाऊ द्या, आणि झोका, तुम्ही दोघी, दार हे सगळं मधल्या भागात खाली घ्या. तीन बाजूंना लटकायला 12-12 इंच धरले तर पूर्ण गोधडी 84 बाय 87 होते, आणि टाके घालताना कापड आत ओढलं जातं म्हणून दोन-तीन इंच जास्तीचेच ठेवा. लटकणाऱ्या भागात गवत, माती, आकाश असं साधं काहीतरी पुढे वाढवायचं, तिथे बारीक काम करू नका, वाया जातं.

फोटो मोठा करायला प्रोजेक्टर मिळाला तर उत्तम, भिंतीवर कागद चिकटवून बाह्यरेषा गिरवायच्या. नसेल तर 12 बाय 15 इंचाच्या कागदावर चित्र काढा, एकेक इंचाचे चौकोन आखा आणि मोठ्या कागदावर प्रत्येक चौकोन 5 इंचाचा करा, बरोबर गादीचं माप येतं. आणि फोटो फोनवर आधी ब्लॅक अँड व्हाइट करून बघा!! हे मी प्रत्येकाला सांगते. झाडाचं हिरवं आणि त्यामागच्या भिंतीचं पिवळं रंगात किती वेगळं वाटतं, पण उजेड-सावलीत दोन्ही सारखे निघाले तर लांबून झाड भिंतीत विरघळून जातं. चार-पाच छटा ठरवा, एकदम फिकटपासून एकदम गडदपर्यंत, आणि कापडं निवडताना त्यांचाही असाच फोटो काढून लावा. रंग थोडा इकडचा तिकडे झाला तरी चालतो, छटा चुकली की चित्रच दिसत नाही.

टाकाटाका

वरचं सगळं पटलं. तुकडे बसवण्याबद्दल सांगते. चित्रासाठी अॅप्लिकच करा, म्हणजे खालच्या कापडावर वर तुकडे शिवत जायचं. एकमेकांना जोडून चित्र करायला गेलात तर झाडाच्या फांद्यांपाशी रडकुंडीला याल. मागचं आधी, पुढचं नंतर: आकाश, मग भिंत, मग झाड, मग झोका. मागच्या तुकड्याची कड पुढच्याखाली पाव इंच तरी सरकवायची, नाहीतर धुतल्यावर मधे फट पडते.

इस्त्रीने चिकटणारी जाळी मिळते तिने काम भराभर होतं, पण तिच्या कागदावर आकृती आरशातल्यासारखी उलटी काढावी लागते, हे विसरलं की झोका दुसऱ्याच बाजूला जातो. मोठ्या तुकड्याला अख्खी जाळी लावू नका, मधला भाग कापून टाका आणि कडेला अर्ध्या इंचाची पट्टीच ठेवा, नाहीतर अंगावर पुठ्ठा घेतल्यासारखं वाटतं. आणि नुसतं चिकटवून सोडायचं नाही, रोज वापरायची आहे तर प्रत्येक कडेवर झिगझॅग किंवा काजाचा टाका हवाच. मी स्वतः मात्र माणसांच्या आकृत्या हातानेच करते, कड पाव इंच आत दुमडून बारीक टाक्यांनी. वेळ लागतो, पण ती गोलाई मशीनला येत नाही. तुमच्याकडे दोनच माणसं आहेत, तेवढं हाताने करा असं माझं मत.

काजळरात

एकच सांगायला आलेय, सगळी कापडं आधी धुवा. आईसाठी केलेल्या गोधडीत लाल पतंग होता, फिकट आकाशावर. तो एकच तुकडा न धुता लावला कारण अगदी शेवटी सापडला आणि हातात वेळ नव्हता. पहिल्याच धुण्यात पतंगाभोवती गुलाबी डाग पसरला, बोटभर रुंद, आणि तो कधीच गेला नाही. आई म्हणते मावळतीचं आकाश वाटतं, पण मला तो डाग दिसला की अजून पोटात कालवतं. लाल, गडद निळं, काळं यांचा एकेक तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून ठेवा, रंग उतरला तर परत धुवा, तरीही उतरत असेल तर कितीही आवडलेलं असलं तरी ते कापड वापरू नका. मणी, बटणं पण नकोत, झोपेत टोचतात.

धावदोरा

चेहऱ्यांचं राहिलंच की. माझा आग्रह, चेहरे काढूच नका. हॅरिएट पॉवर्सच्या गोधड्यांचे फोटो शोधून बघा. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेली बाई, 1886 च्या सुमारास तिने बायबलमधल्या गोष्टींची गोधडी केली, 11 चौकटी आहेत, ती आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि दुसरी 15 चौकटींची बॉस्टनच्या संग्रहालयात. माणसं, प्राणी, सूर्य सगळं सपाट कापून लावलेलं. आणि तरी कोण काय करतंय ते हातांच्या उंचीवरून, अंगाच्या कलावरून कळतं. तुमच्या चित्रात बहिणीची मागे झुकलेली पाठ, वर उडालेले पाय आणि तुमचे पुढे झालेले दोन हात एवढं नीट आलं की झालं, ती ओळखणार. दोरीसाठी कापड कापत बसू नका, जाड दोऱ्याची साखळी घाला.

वरचं तयार झालं की अस्तर चारी बाजूंनी 4 इंच मोठं घ्या, मधे भरण म्हणजे मऊ थर, आणि मधून कडेकडे जात दर 4 इंचांवर सेफ्टी पिना. मग आरपार टाके चित्राप्रमाणे घाला, खोडावर उभे वाकडेतिकडे, आकाशात लांब आडवे. पण सगळीकडे साधारण सारखे दाट हवेत, झाडावर गच्च आणि आकाश मोकळं ठेवलं तर आकाशाला पोक येतो. दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते भरणाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचून मगच चित्र पक्कं करा.

निळीसुई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. काल वर्तमानपत्रं जोडून गादीएवढा कागद केला, चित्र काढलं, बेडवर पसरलं आणि उशा ठेवून दारातून बघितलं. झोक्याची अर्धी दोरी आणि बहिणीचं डोकं उशीखाली!! मग फांदी खाली आणली, झोका जवळपास जमिनीला टेकवला, आता दोघी बरोबर मधे येतात. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये माझा फ्रॉक आणि मागचं दार एकच निघालं, म्हणून दार गडद करतेय. एक विचारायचं होतं, बाबांचा एक जुना सुती शर्ट आहे, बारीक चौकड्यांचा, खूप धुऊन विरलाय पण फाटलेला नाही. झोक्याची फळी त्याची करावी असं वाटतंय. मागून पातळ कापड लावलं तर टिकेल ना?

टाकाटाका

टिकेल. मागे पातळ सुती कापड लावा, कडा हाताने दुमडा आणि त्या फळीवरून आरपार टाक्यांच्या ओळी अर्ध्या-अर्ध्या इंचावर घाला, तेवढ्या छोट्या तुकड्याने पोक येत नाही. विरलेलं कापड टाक्यांनीच धरून राहतं. चौकड्या फळीच्या लांबीला समांतर ठेवा म्हणजे लाकडाच्या रेघांसारख्या दिसतील. झाल्यावर फोटो टाका.