लहान मिररलेस कॅमेऱ्यांचे व्ह्यूफाइंडर : चष्मा, ऊन आणि बारवेतला अंधार

बारवयात्री (परभणी) यांचा प्रश्न

नमस्कार. गेली सहा-सात वर्षे मी परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या जुन्या बारवा, मंदिरे आणि वीरगळ यांची छायाचित्रे काढून नोंदी ठेवत आहे. आजवर हे काम मोबाइलवर आणि भावाच्या जुन्या डीएसएलआरवर भागले. आता मात्र शबनम पिशवीत कायम राहील असा लहान मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यायचा आहे.

माझी अडचण व्ह्यूफाइंडरची, म्हणजे डोळा लावून आतला इवला पडदा पाहायच्या खिडकीची आहे. वालूरच्या चक्राकार बारवेत दुपारी उतरताना वरच्या पायऱ्या उन्हाने पांढऱ्या पडलेल्या असतात, तळाशी पाण्याजवळ गडद सावली असते, आणि मोबाइलच्या काचेवर मला फक्त माझ्या टोपीची कडा आणि चष्मा दिसतो. डोळा लावून पाहिल्याशिवाय तिथे चौकट धरताच येत नाही. चष्म्याचा नंबर उणे साडेचार असून सिलिंडरचाही नंबर आहे, त्यामुळे चष्मा काढून डायॉप्टरच्या (व्ह्यूफाइंडर नजरेच्या नंबराशी जुळवण्याच्या) चाकावर भागत नाही.

सोनी ए६४०० आणि ए७सी, फुजीफिल्म एक्स-ई४, निकॉन झेड५०, कॅनन आर५० आणि ओएम सिस्टीम ओएम-५ या सगळ्यांच्या माहितीपत्रकांत व्ह्यूफाइंडरसमोर २३.६ लाख डॉट हाच आकडा आहे. मग त्यांत डोळ्याला जाणवेल असा फरक खरोखर असतो का? परभणीत हे सगळे कॅमेरे हाताळायला मिळत नाहीत, म्हणून छत्रपती संभाजीनगरला जाण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

चष्मेवाला (छत्रपती संभाजीनगर)

फरक आहे, आणि आपल्यासारख्या चष्मा लावणाऱ्यांसाठी तर फार मोठा आहे. मी स्वतः उणे सहाचा चष्मा लावून वेरूळला वर्षानुवर्षे छायाचित्रे काढतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॉट म्हणजे पिक्सेल नव्हेत. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन डॉट मोजतात, त्यामुळे २३.६ लाख डॉट म्हणजे प्रत्यक्षात १०२४ × ७६८ पिक्सेलचे चित्र. आपण लिहिलेल्या सहाही कॅमेऱ्यांत चित्राची बारकाई एकसारखी आहे, एवढेच या आकड्यावरून कळते. ते चित्र डोळ्यासमोर केवढे दिसेल आणि चष्म्यातून त्याचे कोपरे दिसतील की नाही, हे ठरवणारे आकडे दुसरे आहेत आणि ते माहितीपत्रकात बरेच खाली बारीक अक्षरांत असतात.

पहिला आकडा मॅग्निफिकेशनचा, म्हणजे चित्र केवढे दिसते त्याचा. तो ५० मिमीची लेन्स लावून आणि फोकस अनंतावर ठेवून मोजतात, म्हणून लहान सेन्सरच्या (छायाचित्र टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यांचा आकडा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. ए६४०० चे १.०७ पाहून हुरळून जाऊ नये. त्याला १.५ ने भागल्यावर सुमारे ०.७० येते, आणि तुलना याच आकड्याची करायची. कॅननच्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यांना १.६ ने भागावे लागते, म्हणून आर५० चे ०.९५ हे ०.५९ होते. ओएम-५ चे १.३७ दोनने भागून सुमारे ०.६८ राहते, झेड५० सुद्धा ०.६८ वर येतो, तर एक्स-ई४ ०.६२ वर. ए७सी फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा असल्याने त्याचा ०.५९ हा आकडा तसाच धरायचा, म्हणजे सेन्सर मोठा आणि किंमत कितीतरी जास्त असूनही व्ह्यूफाइंडरमधले चित्र ए६४०० पेक्षा लहान. क्षेत्रफळाने पाहिले तर ए६४०० चे चित्र जवळपास ४० टक्क्यांनी मोठे दिसते. सोनीने ही उणीव २०२३ च्या ए७सी २ मध्ये ०.७० करून भरून काढली, पण डॉट तेवढेच ठेवले.

दुसरा आकडा आय पॉइंटचा, आणि आपण सगळ्यात आधी तोच पाहावा. डोळा व्ह्यूफाइंडरच्या काचेपासून किती लांब असतानाही पूर्ण चौकट दिसते, ते अंतर म्हणजे आय पॉइंट. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिमी पुढे असते. तिच्यापुढे काचेची जाडी आणि रबरी आयकपची (डोळ्याभोवती टेकणाऱ्या वाटीची) कडा यांनाही जागा लागते. एक्स-ई४ चा आय पॉइंट सुमारे १७.५ मिमी आहे. हिशेब मांडून पाहा, हातात जेमतेम तीन-चार मिलिमीटर उरतात. झेड५० चा १९.५, आर५० आणि ए७सी यांचा २२, ए६४०० चा २३ आणि ओएम-५ चा २७ मिमी आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला आपण सुतार लेणे म्हणतो, छताच्या दगडी फासळ्या चौकटीच्या दोन्ही कडांना सारख्या बसवायच्या असतात. आय पॉइंट कमी असलेल्या कॅमेऱ्यात मला आधी डावी कड पाहून मग डोळा सरकवून उजवी कड पाहावी लागत असे, आणि तेवढ्यात हात हलून पहिली कड बिघडत असे. एकाच नजरेत चारही कोपरे दिसू लागल्यापासून माझी छायाचित्रे सरळ येऊ लागली.

बजेट वाढवता येत असेल तर फुजीफिल्म एक्स-टी५ चा व्ह्यूफाइंडर अवश्य पाहावा. त्यात ३६.९ लाख डॉट, ०.८० मॅग्निफिकेशन आणि २४ मिमी आय पॉइंट अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. फक्त तो ५५७ ग्रॅमचा आहे आणि ए६४०० ४०३ ग्रॅमचा, तेव्हा पिशवीचा विचार आपण करावा.

गोदाकाठ (नांदेड)

वरचे विवेचन पटले. त्यात उन्हाची बाजू जोडतो, कारण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे तीच निर्णायक ठरते.

होट्टलच्या मंदिरासमोर दुपारी उभे राहिलो की डोळ्याची बाहुली आकसलेली असते, आणि मग चांगला व्ह्यूफाइंडरही काळोखा वाटतो. बहुतेक कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरचा उजेड आपोआप कमीजास्त होत असतो. मी तो हाताने वाढवून कायम ठेवतो आणि संध्याकाळी पुन्हा कमी करतो. कमी केला नाही, तर संध्याकाळी चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये उजळ दिसते आणि प्रत्यक्षात अंधारे येते, म्हणून हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) डोळ्यासमोर असू द्यावा. निकॉनने २०२४ च्या झेड५० २ मध्ये डॉट तेवढेच ठेवून उजेड १००० निटपर्यंत (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) वाढवला आहे. झेड५० आपल्या यादीत आहेच, तर हा नवा कॅमेरा आपण उन्हात नेऊन पाहावा असे मला मनापासून वाटते. कोणताही कॅमेरा घेतला तरी बाजूने येणारे ऊन अडवायला खांद्यावरचा पंचा डोक्यावरून कॅमेऱ्याच्या पाठीपर्यंत ओढून घ्यावा. आयकपला जे जमत नाही ते पंचा करतो.

एक कळकळीची सूचना. व्ह्यूफाइंडरचे तोंड आभाळाकडे करून कॅमेरा कधीही उन्हात ठेवू नये. ती काच भिंगच असते. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो, तसेच आतल्या इवल्या पडद्याचे होते. माझ्या आधीच्या कॅमेऱ्यात मंदिराच्या जोत्यावर तो पालथा ठेवलेला असताना चित्राच्या वरच्या कोपऱ्यात पिवळसर तपकिरी ठिपका पडला, तो शेवटपर्यंत गेला नाही. छायाचित्रावर तो येत नसे, पण प्रत्येक वेळी आधी तोच दिसे. तेव्हापासून कॅमेरा खाली ठेवताना मी पंचा त्याच्यावर टाकतो.

काळापाषाण (लातूर)

वापरलेला कॅमेरा घेण्याचा विचार असेल, तर पॅनासॉनिकच्या जीएक्स८५ आणि जीएक्स९ बाबत सावध राहावे. त्यांचे २७.६ लाख डॉट कागदावर जास्त दिसतात, पण तो पडदा लाल, हिरवे आणि निळे चित्र पाठोपाठ दाखवणारा आहे, त्यामुळे कॅमेरा फिरवताना किंवा नुसती पापणी हलली तरी उजळ कडांवर इंद्रधनुष्यासारखे रंग फाटलेले दिसतात. काहींना ते जाणवत नाहीत, मला मात्र दहा मिनिटांत डोके धरायला लावतात. जीएक्स९ चा व्ह्यूफाइंडर वर उचलून वाकून पाहता येतो, आणि जमिनीलगतच्या वीरगळांसाठी ती सोय उत्तम आहे, हेही सांगितले पाहिजे.

आपण कोणत्या डोळ्याने पाहता? ए६४००, ए७सी आणि एक्स-ई४ यांचा व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे. उजवा डोळा लावणाऱ्याचे नाक त्यामुळे बाजूला मोकळे राहते. डावा डोळा लावणाऱ्याचा मात्र सगळा चेहरा मागच्या पडद्यावर येतो आणि टचस्क्रीन चालू असेल तर नाकाच्या स्पर्शाने फोकसचा बिंदू सरकतो.

चष्मेवाला

ही गोष्ट माझ्याकडून राहिली होती, धन्यवाद. बारवेच्या तळाबद्दलही एक सांगायचे राहिले. अंधारात कॅमेरा सेन्सरचा संकेत वाढवून दाखवतो, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये दाणे दिसतात आणि चित्र मागे रेंगाळते. त्यावरून छायाचित्राची प्रत ठरवू नये. त्याउलट ऊन-सावली एकत्र असताना व्ह्यूफाइंडरमध्ये सावली ठार काळी दिसते, पण रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत) तिथला तपशील बहुतेक वेळा शिल्लक असतो. अशा वेळी सोनीत लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेमधला सेटिंग इफेक्ट बंद करावा, फुजीत नॅचरल लाइव्ह व्ह्यू चालू करावा, म्हणजे कोनाड्यातली मूर्ती निदान चौकटीत कुठे आहे ते दिसते. सेकंदाला १०० किंवा १२० चित्रांचा वेग दगडासाठी लागत नाही. तो पक्षी टिपणाऱ्यांना उपयोगी.

बारवयात्री

सर्वांचे मनापासून आभार. काल छत्रपती संभाजीनगरला जाऊन ए६४००, आर५० आणि एक्स-ई४ हाताळले. आपल्या सांगण्यावरून दुकानदारांच्या परवानगीने तिन्ही कॅमेरे दाराबाहेर उन्हात नेले आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्यांची चौकट चारही कोपऱ्यांत बसवून पाहिली. एक्स-ई४ मध्ये चष्म्यातून खालची ओळ, जिथे शटर आणि आयएसओचे आकडे असतात, मान खाली केल्याशिवाय दिसली नाही. आर५० मध्ये सगळे एका नजरेत दिसले, पण चित्र लहान असल्याने मधल्या खिडकीचे गज मोजता आले नाहीत. ए६४०० मध्ये गज मोजता आले. चारांपैकी एक कोपरा किंचित कापला जात होता, तो चष्मा नाकावर थोडा वर सरकवल्यावर दिसला. मी उजवा डोळा लावतो, त्यामुळे कोपऱ्यातल्या व्ह्यूफाइंडरची अडचण आली नाही.

ए६४०० घेतला आहे. व्ह्यूफाइंडरवरच काम केले तर एका बॅटरीत सुमारे ३६० छायाचित्रे निघतात आणि मागच्या पडद्यावर ४१०, असे कंपनीचे आकडे आहेत, म्हणून दुसरी बॅटरीही घेतली. रविवारी चारठाण्याला जातो आहे. पंचा पिशवीत आधीच भरून ठेवला आहे.